कोपीतील बाळाची नोंद

दिवाळीच्या सुमारास बिद्रीच्या वाटांवर उसाच्या गाड्यांची वर्दळ सुरू होते. श्री दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्याचे गाळप म्हणजे कागल, राधानगरी, भुदरगड या पट्ट्यातील शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टाचे चीज. त्याच सुमारास बीड, धाराशिव, अहिल्यानगरकडील तोडणीच्या टोळ्या कोल्हापूर जिल्ह्यात उतरतात. फडाच्या कडेला कोप्या उभ्या राहतात, आणि त्या कोप्यांत तान्ही मुलेही असतात. आई भल्या पहाटे फडात जाते. मूल पाचटावर निजलेले असते. त्याला ताप भरला की गावातील दवाखाना गाठला जातो. डॉक्टर विचारतात, "बाई, मागची लस कधी दिली?" उत्तर बहुधा ठरलेले असते, "कार्ड गावाकडंच राह्यलं, डॉक्टर."

बालकांच्या उपचारात डॉक्टरांनी मोबाईलवरील अ‍ॅपचा आधार घ्यावा काय, हा प्रश्न शहरी वर्तुळात बहुधा सोयीच्या अंगाने चर्चिला जातो. बिद्रीच्या फडातून पाहिले की त्याचे खरे स्वरूप दिसते. ज्या मुलाला कायमचा डॉक्टर नाही, कायमचे घर नाही, त्याची माहिती त्याच्याबरोबर प्रवास करणार कशी?

या दिशेने एक मोठे पाऊल पडले आहे. लसीकरणाच्या नोंदीसाठी केंद्र शासनाने उभारलेली 'यू-विन' व्यवस्था जानेवारी २०२३ पासून ६५ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात चालली आणि २९ ऑक्टोबर २०२४ रोजी, धन्वंतरी जयंतीच्या दिवशी, पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी तिचे राष्ट्रार्पण केले. गर्भवतीची नोंद, बाळाची प्रत्येक लस, पुढील डोसची तारीख हे सारे तेथे राहते. लसीकरण देशातील कोणत्याही केंद्रावर करून घेता येते. बीडमध्ये बीसीजी घेतलेल्या बाळाला कागलमध्ये गोवर-रुबेलाची लस मिळावी आणि दोन्हींची नोंद एकाच ठिकाणी दिसावी, ही त्यामागील कल्पना. एकात्म राष्ट्राच्या घोषणा आपण देतो. एकात्मतेचा इतका रोकडा व्यवहार क्वचितच आढळतो.

परंतु ही नोंद मोबाईल क्रमांकाशी जोडलेली आहे, आणि टोळीतील फोनची अवस्था काय असते? कधी तो नवऱ्याचा, कधी दिराचा. रिचार्ज संपला की बंद. हंगाम बदलला की क्रमांकही बदलतो. नोंद दिल्लीत सुरक्षित आणि बाळ फडात अनोळखी, असा हा प्रकार.

दुसरी उणीव वजनाची. मुलांच्या औषधाची मात्रा किलोवर ठरते. पॅरासिटामॉलचे सिरप पाच मिलिलीटरमागे १२० मिलिग्रॅमचेही मिळते आणि २५० चेही. चमचा तोच, औषध दुपटीहून अधिक. मात्रा काढून देणारे अ‍ॅप येथे डॉक्टरांचे काम निश्चित सोपे करते. मात्र अंदाजाने घातलेल्या वजनावर ते अंदाजाचेच उत्तर देणार. ज्या परिसरात उसाच्या प्रत्येक खेपेचे वजन काट्यावर होऊन त्याची पावती निघते, तेथे ऊस तोडणाऱ्या आईच्या बाळाचे वजन कोणालाही ठाऊक नसावे, याची लाज वाटायला हवी.

अ‍ॅपच्या पोटात कोणाचे मोजमाप आहे, हेही तपासावे लागते. इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने २०१५ मध्ये पाच ते अठरा वर्षांच्या भारतीय मुलांसाठी वाढीचे सुधारित तक्ते प्रसिद्ध केले. पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर यांचा त्यात पुढाकार होता. प्रौढांच्या अतिवजनाची व स्थूलतेची आंतरराष्ट्रीय सीमारेषा २५ आणि ३० बीएमआय अशी आहे. या तक्त्यांनी प्रौढांच्या २३ आणि २७ शी जुळणाऱ्या रेषा स्वीकारल्या, कारण भारतीय शरीरात कमी वजनावरही मधुमेहादी धोके सुरू होतात. परदेशी कोष्टकावर चालणारे अ‍ॅप ज्या मुलाला निरोगी ठरवील, त्याला आपले कोष्टक वेळीच सावध करील. स्वदेशीचा आग्रह येथे शास्त्राचाच आग्रह ठरतो.

साधन साधे असले तरी चालते, हे महाराष्ट्राने फार पूर्वी दाखवून दिले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने निरक्षर दाईलाही बाळाचे श्वास मोजता यावेत म्हणून वाळूचे घड्याळ आणि मणी यांचे उपकरण तयार केले. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे मिनिटाला साठ वा अधिक श्वास म्हणजे धोका. हे कळायला इंटरनेट लागले नाही. गावातील प्रशिक्षित स्त्रीने घरोघरी केलेल्या नवजात-सेवेमुळे तेथील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने प्रसिद्ध केले. उपकरणाइतकेच त्या स्त्रीचे बाळापाशी बसणे मोलाचे होते. काश्यपसंहितेत वेदनाध्याय नावाचे प्रकरण आहे. बोलता न येणाऱ्या बाळाचे दुखणे त्याच्या हालचालींवरून कसे ओळखावे, हे त्यात सांगितले आहे. कान दुखत असेल तर ते हातांनी कानाला स्पर्श करते, इतके बारीक निरीक्षण. पडद्याकडे पाहणाऱ्या डॉक्टरांच्या नजरेतून नेमके तेच निसटते. मार्च २०२० च्या दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याच्या नियमांनीही यंत्रबुद्धीला रुग्णास औषध लिहून देण्याची मुभा दिलेली नाही, हे योग्यच झाले.

तेव्हा डॉक्टरांनी अ‍ॅप जरूर वापरावे. पण त्या अ‍ॅपमध्ये भरायची माहिती फडापर्यंत जाऊन आणण्याचे काम एकट्या डॉक्टरांवर टाकता येणार नाही. ते काम कारखाना, ग्रामपंचायत, आशाताई आणि गावोगावची सेवाभावी तरुण मंडळे यांचे आहे. टोळ्या उतरल्यावर पहिल्या आठवड्यातच आशाताईंनी वजनकाटा घेऊन कोप्यांवर जावे, मुलांची वजने घ्यावीत, यू-विनमधील जुनी नोंद शोधून चालू क्रमांक पडताळावा आणि एक प्रत कागदावर आईच्या हाती द्यावी. वाहन व मनुष्यबळ कारखान्याला जड नाही. मुकादमाशी करार होताना टोळीत किती कोयते, म्हणजे किती जोडपी, हे लिहून घेतले जातेच. त्याखाली मुलांची नावे आणि जन्मतारखा लिहिण्यापासून येत्या हंगामात सुरुवात करता येईल.