बाहुली ठेवताना

शालू आपण मलमलीत गुंडाळतो, पितळेची भांडी घासूनपुसून उपडी घालतो, पण बाहुल्या मात्र सापडेल त्या पिशवीत कोंबतो. कापडी बाहुलीला ते चालून जातं. हुबेहूब तान्ह्या बाळासारख्या ज्या बाहुल्या हल्ली मिळतात, त्यांना नाही चालत. व्हिनाइल किंवा सिलिकॉनची कातडी, पोटात काचेचे बारीक मणी, वजन दोन-तीन किलो आणि हातपाय हवे तसे वळणारे.

आमच्या मावशीला स्मृतिभ्रंश आहे. नातीनं तिला अशी बाहुली आणून दिली. मांडीवर ते वजन आलं की मावशीची तिन्हीसांजेची घालमेल थांबते. त्यामुळे बाहुलीची जपणूक आता माझ्याकडे आहे.

उचलताना एक हात मानेखाली, दुसरा बुडाखाली घालावा. नुसत्या दंडाला धरून उचललं तर सगळा भार सांध्यावर येतो आणि सिलिकॉन तिथे फाटू शकतं. ठेवताना हातपाय सरळ करून निजवावी. दुमडलेल्या जागी कायमची घडी पडते. टांगू नये, अंगावर काही रचू नये.

गुंडाळायला धुऊन मऊ झालेलं पांढरं सुती कापड घ्यावं. गडद कापडाचा रंग किंवा वर्तमानपत्राची शाई व्हिनाइलमध्ये मुरली की निघता निघत नाही. हवाबंद प्लॅस्टिकही नको. व्हिनाइल मऊ राहावं म्हणून घातलेलं तेलकट द्रव्य हळूहळू बाहेर येतं. ते कोंडलं की कातडी चिकट होते. डांबरगोळ्याही दूरच ठेवाव्यात, त्यांच्या वाफेनं काही प्लॅस्टिकं मऊ पडतात. पत्र्याखालचा माळा एप्रिलमध्ये तापतो आणि बाहेरच्या भिंतीलगतचं कपाट पावसाळ्यात ओल धरतं. दोन्ही जागा टाळाव्यात. मधल्या खोलीतला खालचा कप्पा बरा. महिन्यातून एकदा कापड सोडून वारा द्यावा.

आणखी एक पथ्य आमच्या घरी आम्ही कटाक्षानं पाळतो. मावशीच्या देखत बाहुली खोक्यात बंद करायची नाही. ती जागी असेपर्यंत वेताच्या टोपलीत, छातीपर्यंत दुपटं, तोंड उघडं. आपल्या लेखी ती वस्तू असेल. मावशीच्या लेखी बाळ झोपलेलं असतं, आणि झोपलेल्या बाळावर कुणी झाकण लावत नाही.