भुलीला औषधे दोन का?



दाजीबानपेठेत बाजाराला आलेली आपली माणसे दवाखान्याच्या बिलाविषयी बोलू लागली की एक तक्रार हमखास निघते. भूल एकदाच दिली, मग औषधे दोन का लावली? पैसे काढण्याची ही युक्ती, असा पुष्कळांचा समज आहे. मला तो समज चुकीचा वाटतो.

भूल चढते ती पहिली काही मिनिटे मोठी नाजूक असतात. प्रोपोफॉल हे दुधासारखे पांढरे औषध शिरेतून दिले की मिनिटभरात झोप लागते, पण त्याने रक्तवाहिन्या सैल पडतात व रक्तदाब उतरतो. धडधाकट तरुणाला ते सोसते. पण म्हातारे माणूस, किंवा सुगी आटोपू दे म्हणत पोटाचे दुखणे अंगावर काढून, दोन दिवस ओकाऱ्यांनी कोरडा पडलेला गडी, यांना सोसत नाही. मेंदूला व हृदयाला रक्त कमी पडते. केटामाईनचा गुण बहुधा उलटा. ते नाडी व दाब चढवते. म्हणून काही रोग्यांना दोन्ही थोडी थोडी देतात. एक बैल पुढे ओढतो, दुसरा मागे रेटतो, तशी ही जोडी. केटामाईनने होणारे भासही प्रोपोफॉलमुळे कमी होतात. मात्र ही जोडी सर्वांना चालत नाही. ज्याचा दाब आधीच फार चढलेला आहे त्याला केटामाईन जपून द्यावे लागते, आणि ज्याच्या अंगातले त्राणच संपले आहे त्याचा दाब केटामाईननेही उतरू शकतो. तेव्हा निवड भूलतज्ज्ञांचीच.

हा वाद जुना आहे. १८८८ व १८८९ साली निजामाच्या हैद्राबादेत (मराठवाडाही तेव्हा त्याच राज्यात होता) क्लोरोफॉर्मवर दोन कमिशने बसली. सर्जन एडवर्ड लॉरी यांचे म्हणणे, श्वासावर लक्ष ठेवा, नाडीची चिंता नको. कमिशनांनी त्यांच्याच बाजूने कौल दिला. पुढे १९११ साली गुडमन लेव्ही यांनी दाखवले की हलक्या क्लोरोफॉर्ममध्ये हृदयच अचानक बंद पडू शकते. आज श्वास, नाडी, दाब सारेच पाहतात.

पण भूलतज्ज्ञाला खरी माहिती आपणच द्यायची असते, आणि तिथे आपण कमी पडतो. बी.पी.च्या गोळ्या, तंबाखू, दारू, ओकाऱ्या किती दिवस झाल्या, लघवी कमी झाली का, हे विचारण्याआधीच सांगावे. बी.पी.ची कोणती गोळी त्या सकाळी घ्यायची व कोणती नाही, हे डॉक्टरांना विचारावे, मनाने बंद करू नये. आणि आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंबही नको ही जुनी समजूत सोडावी. ठरवून केलेल्या ऑपरेशनाआधी साधारणपणे अन्न सहा तास बंद असते, साधे पाणी मात्र दोन तास आधीपर्यंत चालते. आपल्या रोग्याला किती वाजेपर्यंत चालेल, ते आदल्या दिवशीच विचारून घ्यावे.