गोदावरीचे पाणी आणि सत्तेचा प्रश्न

नदी संस्कृती घडविते, असे पाठ्यपुस्तके सांगतात. हे अर्धसत्य आहे. नदी पाणी देते, गाळ देते. परंतु ते पाणी कोणाच्या शेतात जावे, हे त्या त्या काळचे सत्तासंबंध ठरवितात. त्र्यंबकेश्वरी उगम पावून १,४६५ किलोमीटर वाहणाऱ्या गोदावरीचा इतिहास याची साक्ष देतो.

आंध्रमध्ये धवळेश्वरम येथे १८४७ ते १८५२ या काळात आर्थर कॉटन याने बंधारा बांधला. दुष्काळाने होरपळणारा त्रिभुज प्रदेश भाताचे कोठार बनला. कालव्यांतून मालाच्या नावा फिरू लागल्या. तेथील शेतकरी कॉटनची आठवण आजही कृतज्ञतेने काढतो आणि त्यात गैर काही नाही. मात्र कंपनी सरकारची नजर वाढीव शेतसाऱ्यावर होती, हे विसरता कामा नये.

त्याच नदीच्या वरच्या अंगाला डोंगरातील आदिवासींच्या वाट्याला काय आले? १८८२ च्या मद्रास वन कायद्याने त्यांच्या फिरत्या शेतीवर, पोडूवर, बंधने आली. रस्त्यांच्या कामासाठी त्यांना वेठीला धरले गेले. १९२२ ते १९२४ या काळात अल्लुरी सीताराम राजू यांच्या नेतृत्वाखाली झालेला उठाव याच अन्यायातून पेटला. नदी एकच, परंतु सपाटीला समृद्धी आणि डोंगराला दडपशाही!

स्वातंत्र्यानंतर ही विषमता मिटली काय? २०१४ मध्ये पोलावरम धरणाला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला आणि बुडीत क्षेत्रासाठी तेलंगणातील सात मंडलांचा प्रदेश आंध्र प्रदेशात घालण्यात आला. विस्थापितांत कोया व कोंडा रेड्डी आदिवासींचा वाटा मोठा आहे. पुन्हा एकदा सिंचनाची किंमत डोंगराने मोजावी, असा हा हिशेब आहे.

महाराष्ट्रातही वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडण्याची वेळ आली की, सत्ताधारी पक्ष एका भागातील शेतकऱ्याला दुसऱ्या भागातील शेतकऱ्यावर सोडतात. पाण्याच्या समन्यायी वाटपाचा मूळ प्रश्न त्या गदारोळात बुडून जातो.

आमचा विरोध धरणाला नाही. गाव बुडण्यापूर्वी विस्थापिताला लाभक्षेत्रात जमीन मिळाली पाहिजे, आणि पाण्याचे वाटप ठरविताना भूमिहीनाचाही हक्क मानला गेला पाहिजे. सपाटीचा शेतकरी आणि डोंगरचा आदिवासी या मागण्यांसाठी एकत्र उभे राहतील, तेव्हाच नदी खऱ्या अर्थाने साऱ्यांची होईल.