झाडावरच्या मजुराचा रविवार

रविवारी मुंबईचे मंगळदास मार्केट बंद असते. हातगाड्या नाहीत, टेम्पो नाहीत, रस्ता मोकळा. म्हणूनच पावसाळ्यापूर्वी फांद्या छाटणारे ठेकेदाराचे मजूर अशा दिवशी येतात. आमची सुट्टी ती त्यांची कामाची घाई!

हे काम नुसते कोयता चालविण्याचे नाही. जाड फांदी आधी खालून थोडी कापतात, मग वरून. नाहीतर ती पडताना खोडाची साल सोलून नेते. दोर बांधून तिला हळूहळू उतरवावे लागते. गुलमोहराचे लाकूड ठिसूळ, शेजारी विजेच्या तारा. एवढा हुन्नर, पण गिनती बिगाऱ्यात!

१९४८ च्या किमान वेतन कायद्यात सात दिवसांत एका पगारी सुट्टीची तरतूद होती. २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. रोजंदारीवाल्याला मात्र सुट्टी म्हणजे खाडा. मग फुरसत कसली? सोमवारी आम्ही दुकान उघडतो तेव्हा तो दुसऱ्या गल्लीत झाडावर चढलेला असतो. थकल्या हाताने दोराची गाठ चुकली तर?

महापालिकेने निविदेतच पगारी सुट्टीचा खर्च धरावा व बिल देण्यापूर्वी हजेरीपत्रक पाहावे. दुकानासमोरची छाटणी रविवारीच व्हावी, असा अर्ज आम्ही व्यापारीच करतो. त्याच अर्जात ‘या मजुरांना सोमवारी भरपगारी सुट्टी द्यावी’, एवढी एक ओळ लिहायला आपल्याला काय हरकत आहे?