कारण कोण सांगतो?

गावात चोरी झाली की पारावर पहिला शब्द निघतो, "पारध्यांचंच काम!" पंचनाम्याआधीच निकाल. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा करून माणसे जन्मानेच गुन्हेगार ठरविली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो रद्द झाला. लोकांच्या डोक्यातून मात्र गेला नाही.

आता दुसरी बाजू पाहा. आपल्या नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात, जामखेड तालुक्यातील खर्डा येथे २८ एप्रिल २०१४ रोजी सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा खून झाला. वरच्या जातीच्या मुलीशी तो बोलला, हा संशय. बातम्यांत कारण आले, 'प्रेमप्रकरण'! साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. आम्ही विचारतो, मग त्या लेकराला मारले कुणी? प्रेमाने?

संशयित तळाचा असला की त्याची जात हेच कारण. मेलेला तळाचा असला की जातीचा उच्चारही नको. हा कुठला न्याय?

तथागतांची दृष्टी वेगळी. चक्कवत्ति सीहनाद सुत्तात सांगितले आहे की राजाने निर्धनांना धन दिले नाही, म्हणून दारिद्र्य वाढले; दारिद्र्यातून चोरी आणि चोरीतून शस्त्रे व हत्या वाढल्या. तेथे कुणाच्या रक्ताला दोष दिलेला नाही.

माता-भगिनींनो, घरात वर्तमानपत्र वाचले जाते तेव्हा मुलांना एवढेच विचारायला शिकवा: हे कारण सांगतो कोण, आणि त्याने झाकले काय?