ट्रॅक्टर : विकत की भाड्याने?

आमच्या शाळेत शिकणाऱ्या मुलांपैकी पुष्कळांची घरे धानाच्या शेतीवर चालतात. अलीकडे या घरांतून एक प्रश्न वारंवार ऐकू येतो. तो असा की, ट्रॅक्टर विकत घ्यावा, की काम पडेल तेव्हा भाड्याने आणावा? प्रश्न वडील मंडळींचा खरा. परंतु सातबारावर एकदा बोजा चढला म्हणजे त्याचा भार मुलांच्या शिक्षणावरही पडतो. हप्त्याची तारीख आणि फीची तारीख एकाच महिन्यात आली, तर मागे राहते ती फीच. शिवाय त्रैराशिक शिकलेला मुलगा घरात असता एवढा मोठा निर्णय केवळ हौसेवर सोडावा, हे आपल्या विद्येला शोभत नाही. म्हणून या विषयाचा थोडा ऊहापोह येथे करण्याचे योजिले आहे.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की, ट्रॅक्टर ही चैनीची वस्तू नव्हे. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तेव्हाही हा मुलूख धानाचा होता आणि आजही आहे. धानाला चिखलणी लागते, आणि बैलांनी वा हेल्यांनी चिखलणी करणे हे किती कष्टाचे व सावकाशीचे काम आहे, हे ज्याने बांधीत पाय घातला आहे त्यास सांगावयास नको. आता जोड्या कमी झाल्या आणि त्या हाकणारी माणसेही कमी झाली. तेव्हा यंत्र हवे की नको, हा वाद आता उरलेला नाही. वाद आहे तो यंत्राच्या मालकीचा.

विकत घेण्याच्या बाजूने जे म्हणतात, त्यांचे सर्वांत बळकट प्रमाण वेळेचे आहे, आणि ते न्यायबुद्धीने ऐकले पाहिजे. पऱ्हे साधारण २१ ते २५ दिवसांचे झाले म्हणजे त्याची रोवणी व्हावी. त्याचे वय फार वाढले तर फुटवे कमी येतात आणि उत्पन्न घटते. पाऊस मात्र सर्वांच्या बांध्यांत एकाच दिवशी पडतो, आणि त्या दिवशी गावातला प्रत्येक जण एकाच ट्रॅक्टरवाल्याच्या दारात उभा असतो. ज्याची शेती मोठी वा ज्याचा परिचय जुना, त्याचे काम आधी होते. तीन एकरांच्या धन्याला ‘उद्या येतो’ हे उत्तर आठ दिवस ऐकावे लागते, आणि तेवढ्यात पाणी आटते. अशा वेळी ‘आपलाच ट्रॅक्टर असता तर’ हा विचार मनात येणे अगदी स्वाभाविक आहे.

परंतु स्वाभाविक विचार हिशेबात उतरतो की नाही, हे पाहिले पाहिजे. शेतकी यंत्रविद्येच्या पुस्तकांत ट्रॅक्टरचे आयुष्य सामान्यतः १० वर्षे व १०,००० तास धरतात. म्हणजे वर्षाला १,००० तास काम अपेक्षिलेले असते. आता उदाहरणादाखल किंमत ७,००,००० रुपये धरू. दहा वर्षांनंतर त्याचे ७०,००० रुपये येतील असे मानल्यास दरसालची घट ६३,००० रुपये होते. सरासरी गुंतलेल्या ३,८५,००० रुपयांवर शेकडा १० प्रमाणे व्याज ३८,५०० रुपये, आणि विमा, छप्पर वगैरे मिळून १४,००० रुपये धरावे. बेरीज १,१५,५०० रुपये. हा खर्च ट्रॅक्टर शेतात चालो वा अंगणात उभा राहो, व्हावयाचाच आहे.

आता काम किती? २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर, म्हणजे सुमारे सव्वातीन एकर होते. आपण उदारपणे पाच एकर धरू. नांगरट, चिखलणी आणि वाहतूक मिळून एकरी ८ तास धरले, तर वर्षाचे काम ४० तासांचे झाले. जे यंत्र हजार तासांसाठी घडविले, त्याच्याकडून आपण चाळीस तास काम घेणार! डिझेल, चालक व दुरुस्ती यांचा तासाला ५५० रुपये खर्च मिळविला, तर मालकीच्या ट्रॅक्टरचा वर्षाचा खर्च १,३७,५०० रुपये होतो. तेच काम तासाला १,००० रुपये भाड्याने करून घेतल्यास ४०,००० रुपयांत भागते. वरचे ९७,५०० रुपये कोणत्या धानातून निघावेत? विद्यार्थ्यांनी आपल्या गावचे दर घालून हेच गणित पुन्हा करून पाहावे. आकडे थोडे हलतील, निष्कर्ष सहसा हलणार नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील वस्तू व सेवा कर शेकडा १२ वरून ५ झाला, ही गोष्ट स्वागतार्ह आहे. सरकारी अनुदानही पात्र शेतकऱ्यास मिळू शकते. परंतु किंमत उतरली म्हणून कामाचे तास वाढत नाहीत. स्वस्त मिळालेली निरुपयोगी वस्तू ही महागच असते.

काही जण म्हणतात, आमचे काम झाल्यावर आम्ही इतरांकडे भाड्याने चालवू. वरील आकड्यांप्रमाणे तासामागे ४५० रुपये वाचतात. तेव्हा खर्च भरून निघण्यास वर्षाला सुमारे २५७ तास, म्हणजे ३२ एकरांचे काम हवे. ज्याच्या घरी चालविणारा विश्वासू हात आहे आणि ज्याला एवढे काम खात्रीने मिळणार आहे, त्याने ट्रॅक्टर अवश्य घ्यावा. तो त्याचा धंदा झाला, आणि धंदा म्हणूनच त्याने वहीखाते ठेवावे. मात्र आपल्या शेजाऱ्यांनीही त्याच उमेदीने त्याच वर्षी ट्रॅक्टर घेतले नाहीत ना, हे आधी पाहून घ्यावे. चार दारांत चार ट्रॅक्टर आणि काम मात्र एकाचे, अशी स्थिती झाली म्हणजे भाडे उतरते, हप्ता उतरत नाही.

मग वेळेची अडचण कशी सुटावी? पाच पाच एकरांची सात घरे एकत्र आली, तर ३५ एकर होतात. एकरी ३ तासांप्रमाणे त्यांची सर्व चिखलणी १०५ तासांची. दिवसाला ८ तास यंत्र चालले, तर सुमारे तेरा दिवसांत ती उरकते. सातही घरांनी पऱ्हे एकाच दिवशी न टाकता चारचार दिवसांच्या अंतराने टाकले आणि पाळी आधी ठरविली, तर कोणाचेही पऱ्हे जून होणार नाही. अशा सात घरांनी मिळून ट्रॅक्टर घेतला, तर वर्षाचे काम २८० तास होऊन त्याचा खर्च भाड्याच्या बरोबरीस येतो. पैशाची बचत त्यात फारशी नाही; परंतु वेळ आपल्या हाती राहते, आणि धानाच्या शेतीत वेळ हेच धन होय. तेही जमत नसेल, तर याच सात घरांनी मृगापूर्वी एका ट्रॅक्टरवाल्याशी लेखी ठराव करावा. एकट्या तीन एकरांकडे तो दुर्लक्ष करील. सलग ३५ एकरांचे काम तो सहसा सोडणार नाही.

ही कल्पना परकी नाही. आपल्याकडे इर्जिक होते. एकाच्या शेतावर गावच्या जोड्या जमत, धनी जेवण घाली, आणि पुढे तोही दुसऱ्याच्या शेतावर जाई. १९४७ मध्ये भारत सरकारने केंद्रीय ट्रॅक्टर संघटना स्थापिली, आणि अमेरिकन सैन्याने मागे ठेवलेले अवजड ट्रॅक्टर घेऊन मध्य हिंदुस्थानातील कांस गवताने व्यापलेल्या जमिनी मोडण्याचे काम तिजकडे दिले. १९४९ मध्ये याच कामाच्या यंत्रांसाठी जागतिक बँकेने १ कोटी डॉलरचे कर्ज दिले. त्या काळी आपला गोंदियाही मध्य प्रांतातच होता. यंत्र प्रत्येकाच्या दारात नव्हते, परंतु कामाच्या वेळी ते शेतात पोहोचत असे. पुढे १९५८ मध्ये जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात शेतकऱ्यांनी यंत्रमंडळ काढून एकमेकांची यंत्रे ठरल्या दराने वापरण्यास आरंभ केला. श्रीमंत देशाच्या शेतकऱ्यालाही प्रत्येक यंत्र एकट्याने बाळगणे परवडले नाही, हे आपण ध्यानात ठेवावे. आपल्याकडे २०१४-१५ पासून कृषी यांत्रिकीकरणाच्या उपअभियानात औजारे भाड्याने देणाऱ्या केंद्रांस साहाय्य देण्याची जी तरतूद झाली, तिच्या मुळाशी हाच विचार आहे.

सामायिक मालकीत भांडणे होतात, हा आक्षेप खोटा नाही. पहिली पाळी कोणाची, डिझेल कोणी भरावे, धुरा फुटला तर कोणी बांधावा, यांवरून मने दुखावतात. पण हे सर्व नियम आधी लिहून ठेवता येतात. प्रत्येक फेरीची नोंद वहीत व्हावी, दुरुस्तीसाठी तासामागे ठराविक रक्कम बाजूस पडावी, आणि पाळी दरसाल फिरावी. भांडणाच्या भीतीने प्रत्येकाने स्वतंत्र कर्ज काढणे म्हणजे सर्दीच्या भयाने नाक कापण्यासारखे आहे. ‘गाव करी ते राव काय करी’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगाच केलेली नाही.

अखेरीस प्रतिष्ठेविषयी दोन शब्द. दारात ट्रॅक्टर उभा असला म्हणजे घराचे वजन वाढते, सोयरीक चांगली जुळते, असे बोलले जाते. पाहुणा दारातला ट्रॅक्टर पाहतो, कपाटातील कर्जाचे कागद पाहत नाही, म्हणूनच हे वजन भासते. ज्या घराचे धान वेळेवर रोवले जाते आणि ज्या घरचा मुलगा वा मुलगी शाळा अर्ध्यात सोडत नाही, त्या घराची प्रतिष्ठा अधिक टिकाऊ, असे आमचे मत आहे.

विद्यार्थ्यांना एवढेच सांगणे आहे की, या वर्षी घरात एक लहानशी वही करा. ज्या दिवशी शेतात ट्रॅक्टर आला, त्या दिवशी तारीख, काम, तास आणि दिलेले पैसे लिहा. तो उशिरा आल्यामुळे किती दिवस गेले, तेही लिहा. वर्षाच्या शेवटी ती वही वडिलांपुढे नम्रपणे ठेवा. विक्रेत्याच्या गोड शब्दांहून त्या वहीतील बेरीज अधिक खरे बोलेल.