प्रोस्टेट कॅन्सर : अमेरिकेच्या संरक्षणमंत्र्यांनी आजार का लपवला आणि त्यातून काय दिसतं?

1 जानेवारी 2024. अमेरिकेचे तत्कालीन संरक्षणमंत्री लॉईड ऑस्टिन यांना तीव्र वेदनांमुळे रुग्णालयात दाखल करण्यात आलं. व्हाईट हाऊसला हे कळलं 4 जानेवारीला. त्यांना प्रोस्टेट कॅन्सर असल्याचं राष्ट्राध्यक्ष जो बायडन यांना समजलं 9 जानेवारीला. शस्त्रक्रिया तर 22 डिसेंबरलाच झाली होती.

यावरून वॉशिंग्टनमध्ये गदारोळ झाला. 1 फेब्रुवारीला ऑस्टिन यांनी पत्रकारांसमोर माफी मागितली. निदानाने आपण हादरलो आणि ही गोष्ट खासगी ठेवावी असंच आधी वाटलं, असं त्यांनी सांगितलं.

मंत्रिपदाचा प्रश्न बाजूला ठेवला, तर ही प्रतिक्रिया अनेक पुरुषांना ओळखीची वाटेल.

पुरुष गप्प का राहतात?

प्रोस्टेट ही मूत्राशयाखालची, साधारण अक्रोडाएवढी ग्रंथी. मूत्रमार्ग तिच्यातून जातो आणि लिंगाच्या ताठरतेशी संबंधित नसा तिला लागून असतात. त्यामुळे या आजाराबद्दल बोलायचं म्हणजे लघवी आणि लैंगिक आयुष्याबद्दल बोलायचं. नेमकं तेच घरात टाळलं जातं.

सुरुवातीला बहुतेकदा लक्षणंही नसतात. पीएसए या रक्तचाचणीतून शंका येऊ शकते. पण पीएसए वाढलं म्हणजे कॅन्सरच, असं नाही. वयानुसार ग्रंथी वाढल्याने किंवा संसर्गामुळेही ते वाढतं. खात्री एमआरआय आणि बायोप्सीनंतरच होते.

लगेच ऑपरेशन करावं लागतं का?

प्रत्येक वेळी नाही. 2023 मध्ये ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. त्यात कॅन्सर ग्रंथीपुरताच असलेल्या 1,643 पुरुषांची साधारण 15 वर्षं नोंद ठेवली होती. काहींवर शस्त्रक्रिया झाली, काहींना रेडिएशन दिलं, काहींवर फक्त नियमित लक्ष ठेवलं. तिन्ही गटांत मिळून प्रोस्टेट कॅन्सरने दगावलेल्यांचं प्रमाण 3 टक्क्यांहून कमी होतं.

अर्थात, कॅन्सर आक्रमक किंवा पसरलेला असेल तर थांबून चालत नाही.

शरीर सावरतं, मनाचं काय?

शस्त्रक्रियेनंतर लघवीवर ताबा राहत नाही, ताठरता येण्यात अडचण होते. काहींचा त्रास काही महिन्यांत कमी होतो, काहींचा राहतो. हार्मोन थेरपीत टेस्टोस्टेरॉन कमी केलं जातं. त्यामुळे थकवा येतो, अंगातून गरम वाफा निघतात, कामेच्छा घटते, मन उदास होतं.

इथेच गैरसमज होतात. औषधामुळे आलेली उदासी 'स्वभाव बदलला' म्हणून घेतली जाते. नवरा दूर राहतो, बायकोला कारण कळत नाही. 'लक्ष ठेवू' म्हटलेल्या रुग्णाला प्रत्येक पीएसए रिपोर्टआधी झोप लागत नाही.

यातल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम, ताठरतेसाठी औषधं, समुपदेशन. पण त्रास सांगितल्याशिवाय डॉक्टरही ते सुचवू शकत नाहीत. म्हणून तपासणीला जोडीदाराला सोबत नेणं आणि 'उपचारांनंतर रोजच्या आयुष्यात काय बदलेल?' हा प्रश्न आधीच विचारणं उपयोगी ठरतं.

मे 2025 मध्ये स्वतः बायडन यांना हाडांपर्यंत पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरचं निदान झालं. त्यांच्या कार्यालयाने दोनच दिवसांत ते जाहीर केलं. सामान्य माणसाला जगाला सांगायची गरज नाही. घरातल्या एकाला तरी सांगितलं, तरी ओझं वाटून घेता येतं.